चिचमनीची पांढरी नक्षी आणि तेताची बादली

ईस्टरच्या सुट्टीत हॉस्टेलचं स्वयंपाकघर बंद राहणार अशी पाटी दारावर लागली आणि माझा प्रवास तिथेच ठरला. बाकीची मंडळी प्राग आणि बुडापेस्ट करणार होती. मला गर्दी नको होती, आणि सुट्टीतले दर बघून उरलीसुरली इच्छाही गेली. मी स्लोवाकियातल्या झिलिना शहरात आर्किटेक्चर शिकतो. मुळात मी मुंबईजवळच्या दिव्याचा. इथे येण्याआधी दोन वर्षं ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका ऑफिसात पत्र्याच्या शेडचे आराखडे काढत होतो, त्यामुळे कुठल्याही गावात गेलो की आधी छपरं बघतो. वर्गातल्या झुझानाने विचारलं, "माझ्या आईकडे येतोस? घरं बघशील, अंडी रंगवशील. फक्त सोमवारी सकाळी घरात थांबायचं." सोमवारी काय आहे, हे मी विचारलं नाही. फुकट राहायची सोय होत असताना फार चौकशा करू नयेत.

तिचं गाव चिचमनी. झिलिनाहून आधी रायेत्सची बस, तिथून दुसरी. दोन्ही मिळून भाडं साधारण एका कॉफी-केकएवढं. जाणार असाल तर सणाच्या दिवसांचं वेळापत्रक आधी बघा, कारण दुसरी बस फार क्वचित सुटते आणि स्टँडवर खायला काहीही मिळत नाही. मी रिकाम्या पोटी निघालो आणि पस्तावलो. रस्ता चांगला आहे. दोन्ही बाजूंना डोंगर, सावलीच्या बाजूला एप्रिलातही बर्फाचे ढिगारे, आणि बसमध्ये आमच्याशिवाय एक म्हातारा. तो ड्रायव्हरशी बटाट्याच्या भावावरून भांडत होता असं झुझाना म्हणाली.

गावातली जुनी घरं ओंडक्यांची, काळपट तपकिरी. त्यांच्यावर चुन्याने पांढरी नक्षी काढलेली. लांबून मला वाटलं, जव्हारकडची वारली भिंत कुणी इथे आणून लाकडावर उतरवलीय की काय! जवळ गेल्यावर ते साम्य संपलं. इथे माणसं नाहीत, नाच नाही. नुसते चौकोन, फुल्या, बदाम आणि नागमोडी पट्टे. पूर्वी लाकूड उन्हाने तडकू नये म्हणून कोपऱ्यांना चुना फासत, मग बायकांनी त्यालाच नक्षीचं रूप दिलं, असं तिथे सांगतात. खरं सांगायचं तर नक्षी नसती तर मी या घरांकडे दुसऱ्यांदा बघितलं नसतं. पण कोपऱ्यात ओंडके एकमेकांत अडकवलेत ते काम सुरेख आहे, आणि वरचा मजला खालच्यापेक्षा हातभर पुढे आलेला असतो, म्हणजे पावसात दार कोरडं राहतं. एका घरात संग्रहालय केलंय. तिकीट स्वस्त आहे, जरूर जा. एका छपराखाली दोन-तीन भावांचे संसार असायचे, ते आत गेल्यावर पटतं आणि जरा गुदमरायलाही होतं.

झुझानाचं घर गावाच्या वरच्या टोकाला आहे. शेजारची चारही घरं बंद होती, मालक शहरात राहतात आणि उन्हाळ्यात येतात. झुझानाच्या आईला सगळे तेता म्हणतात, म्हणजे आपली मावशी, म्हणून मीही तेता म्हणू लागलो. नवरा वारल्यापासून ती एकटीच राहते. मुलगा व्हिएन्नात कामाला आहे. दरवर्षी ईस्टरला येतो, यंदा त्याला सुट्टी मिळाली नव्हती.

जेवणात बटाट्याचे छोटे गोळे आणि वर मेंढीचं चीज. दोनदा घेतलं. मग टेबलावर वर्तमानपत्र पसरलं गेलं आणि अंडी रंगवणं सुरू झालं.

पद्धत सोपी आहे, हात मात्र सोपा नाही. अंड्याला दोन बाजूंनी भोक पाडून आतलं फुंकून बाहेर काढायचं. काडीला टोचलेली टाचणी वितळलेल्या मेणात बुडवून तिच्या डोक्याने अंड्यावर रेघ ओढायची. मग अंडं कांद्याच्या सालींच्या उकळलेल्या पाण्यात बुडवून ठेवायचं. कवच तपकिरी होतं, मेणाखालचा भाग पांढरा राहतो. शेवटी चुलीजवळ धरून मेण फडक्याने पुसलं की हातात चिचमनीचं घर येतं, काळपट भिंत आणि पांढरी नक्षी. तेव्हा मी चक्क ओरडलो. एवढा वेळ बाहेर फिरून जे कळलं नव्हतं ते मुठीएवढ्या वस्तूवर कळलं.

माझं पहिलं अंडं फुटलं. दुसऱ्यावर मी आर्किटेक्टसारखी सरळ रेघ मारायला गेलो, तोवर टाचणीवरचं मेण थिजलं. तेताने माझं मनगट धरून हलवून बघितलं आणि काहीतरी म्हणाली.

"ती म्हणते हात सैल सोड," झुझानाने सांगितलं. "अंड्याला कुठे सरळ रेघ असते?"

तिसरं बरं जमलं. चौथं तर मला अजून आवडतं. संध्याकाळपर्यंत आम्ही टोपलीभर अंडी केली. एका अंड्याला तेताने कुणालाच हात लावू दिला नाही. त्यावर तिने सबंध घराची नक्षी काढली, खिडक्यांसकट.

रविवार चर्चमध्ये आणि जेवणात गेला, त्यावर लिहिण्यासारखं फार नाही. रात्री झुझानाने सोमवारचा उलगडा केला. ईस्टरच्या सोमवारी पुरुष घरोघर जाऊन बायकांवर गार पाणी ओततात. जिच्यावर ओतलं ती वर्षभर ताजी, निरोगी राहते म्हणे. बदल्यात ती रंगवलेलं अंडं देते.

"मला ही भानगड अजिबात आवडत नाही," झुझाना म्हणाली. "पण आईसाठी करते. घरात पुरुष नाही, वर इथवर कुणी चढून येत नाही. म्हणून तुला बोलावलं."

सोमवारी गवतावर दहिवर होतं. झुझानाने स्वतःच माझ्या हातात बादली दिली. मी तिच्यावर तांब्याभर पाणी टाकलं, तिने मीच तिला शिकवलेली मराठी शिवी हासडली आणि अंडं दिलं. मग तेता दारात आली. जुना स्वेटर, पायात रबरी बूट, आणि हातात ते खिडक्यांचं अंडं. ती पायरी उतरून माझ्यासमोर उभी राहिली.

मी बादली खाली ठेवली. दोन्ही हात जोडले आणि वाकून तिच्या पाया पडलो.

मला त्यात काही चूक वाटली नाही. माझे बाबा गेले त्याला बरीच वर्षं झाली. आमच्या बिल्डिंगमधली पोरं धुळवडीला कुणाला म्हणून सोडत नाहीत, पण आई जिना उतरली की "काकूंना जाऊ दे रे" म्हणत बाजूला होतात. तीही मान खाली घालून निघून जाते. मी त्या पोरांमध्येच असतो. याला मान देणं म्हणतात, असं माझ्या डोक्यात पक्कं होतं.

तेता झुझानाकडे बघून दोन शब्द बोलली, अंडं स्वेटरच्या खिशात ठेवलं आणि घराला वळसा घालून मागे गेली.

"तिच्यावर का नाही ओतलंस?" झुझाना चिडली होती.

"अगं, तुझे बाबा नाहीत ना आता..."

"मग? त्याचा पाण्याशी काय संबंध?"

मी तिलाच विचारलं, "काय म्हणाल्या त्या?"

"म्हणाली, बरोबर आहे मुलाचं. वाळलेल्या झाडाला कोण पाणी घालतं."

मला फार वाईट वाटलं. मी बादली काठोकाठ भरून मागच्या दारी गेलो. तेता सरपण उचलत होती. मी "तेता!" म्हणून हाक मारली, ती वळली, आणि मी अख्खी बादली तिच्यावर रिकामी केली. ती किंचाळली, लाकडं टाकून पळाली, कोंबड्यांच्या खुराड्याला आपटली आणि हसत सुटली. हसता हसता खाली बसली. मग खिसा चाचपून अंडं धड आहे ना बघितलं आणि माझ्या हातात दिलं. न्याहारीआधीच आलुबुखाराच्या दारूचा पेला प्यावा लागला. दुपारच्या बसने आम्ही परत निघालो तेव्हा तिचे केस अजून ओले होते.

जुलैत घरी आलो. अंडं मोज्यात गुंडाळून आणलं, शाबूत पोचलं. आईने ते हातात फिरवून बघितलं, खिडक्या मोजल्या आणि कपाटाच्या काचेआड ठेवलं. घरांची स्केचेस मी प्रोफेसरांना दिली, त्यांना बरी वाटली. या सहलीची कुणाला शिफारस करू का, असं विचाराल तर करीन. दोन दिवस पुरतात, जाड कपडे न्या.

अंड्याची गोष्ट आईला सांगितली ती नळाला पाणी आलं तेव्हा. ती मोरीत पाइप धरून ड्रम भरत होती.

"मग ओतलंस ना शेवटी?"

"अख्खी बादली."

"गार असेल रे."

"जाम गार."

तिने पाइप दुसऱ्या ड्रममध्ये टाकला. माझ्याकडे न बघता म्हणाली, "इथली पोरं मला रस्ता देतात. तू पण देतोस. मला चाललं असतं रे."

इतकी वर्षं मी तिला जिन्यावरून कोरडी जाताना बघत होतो आणि त्याचं मला कौतुक होतं. मी बादलीतला मग उचलला.

"थांब, आधी पाणी भरू दे."

ड्रम भरले. मग बादल्या, कळशी, पातेली. नळ बारीक झाला तसा तिने पाइप गुंडाळून खिळ्याला अडकवला, चष्मा काढून फळीवर ठेवला आणि मोरीतच उभी राहिली.