आक्काच्या गावाचा फाटा

आमच्या चौघांत वाट ठरवायचं काम माझं. मी जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला आहे आणि लसी टोचत वीस वर्षं गावोगाव हिंडलोय. केजकडचा कुठला पाणंद रस्ता कुठं निघतो, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. बाकीच्या तिघांत एक शाळेवर मास्तर, एकाचं औषधांचं दुकान आणि एक वायरमन. कॉलेजपासूनची दोस्ती. दर वर्षी संक्रांतीच्या आधी एका रविवारी आम्ही चार मोटारसायकली काढतो, मोठा रस्ता सोडतो आणि चाळिसाच्या वर न जाता दिवसभर हिंडून परत येतो. कधी धर्मापुरीच्या देवळापर्यंत जातो, कधी मध्येच कंटाळून मागं फिरतो. घरचे याला रिकामटेकडेपणा म्हणतात, आणि त्यात काही खोटं नाही.

दुपारचं जेवण मात्र ठरलेलं. मास्तरची थोरली बहीण नांदूरघाटच्या पुढं, फाट्यावरून दोन किलोमीटर आत, एका लहान गावात दिलेली आहे. आम्ही सगळेच तिला आक्का म्हणतो. बाजरीच्या भाकरी, तुरीच्या सोल्यांची आमटी, वर दही. उठायला लागलं की ती हात धरून खाली बसवते.

मास्तर एका जातीचा आणि आम्ही तिघं दुसऱ्या. इतक्या वर्षांत हे वाक्य लिहायची वेळ माझ्यावर आली नव्हती. गेल्या दीड-दोन वर्षांत जातीवरून जिल्ह्याचं जे काही झालं त्यापायी ते लिहावं लागतंय, याचाच मला संताप येतो. औषधाच्या दुकानातली गिऱ्हाइकंसुद्धा आडनावं बघून वाटली गेली. आक्काचं गाव सगळं मास्तरच्या लोकांचं. मागच्या वर्षी निघायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही तिघं दुकानात बसलो आणि यंदा तिकडं नको, असं ठरवून टाकलं. मास्तरला विचारलं नाही.

सकाळी पालीला धरणाजवळ पहिला चहा घेतला. तिथं मी नवी वाट सांगितली. म्हणालो, फाट्यापासून आतला रस्ता पाइपलाइनसाठी उकरलाय, गाड्या जायच्या नाहीत. मास्तर चहा संपवून, फोन कानाला लावून जरा लांब गेला आणि परत येऊन माझ्यासमोर उभा राहिला.

"आक्का म्हनती, सकाळची एसटी येऊन गेली. वाट कावून बदलली बे?"

मी पाइपलाइनचं काम घेतलेल्या कुणा गुत्तेदाराचं नाव पुढं करून तेच खोटं आणखी रेटलं. बाकीचे दोघं रिकाम्या ग्लासात बघत बसले. त्यांच्याकडं बघून मास्तरला सगळं कळलं असावं. त्यानं गाडीला किक मारली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो पुढं निघाला. आम्ही गुमान मागं.

एरवी या वाटेवर मी ज्वारी बघतो, कुणाच्या म्हशी कशा आहेत ते बघतो. त्या दिवशी मी प्रत्येक वेशीवरचा फलक वाचत होतो, कुठला झेंडा आहे ते बघत होतो. ऊन चांगलं कोवळं होतं, हवेत उसाच्या पाचटाचा वास होता, आणि मला कधी एकदा दिवस संपतो असं झालं होतं.

फाट्यावर आक्का उभी होती. लिंबाच्या सावलीत खाली पोतं अंथरलेलं, त्यावर भाकरीचं गाठोडं आणि आमटीचा डबा. दोन किलोमीटर ती हे डोक्यावर घेऊन चालत आली होती. आम्ही उतरल्यावर माझ्याकडं न बघता तिनं पदर सारखा केला.

"दादा, राग मानू नका. हितंच बसून खावा. गावात सध्या लोक कसे हायत, तुमाला म्हाईतच हाय."

खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं. मी लगेच पोत्यावर बसलोसुद्धा. मास्तर आधी तिच्याकडं आणि मग माझ्याकडं बघत राहिला.

"तूबी का आक्का," एवढंच तो म्हणाला. त्यानं गाठोडं उचलून हँडलला अडकवलं, डबा तिच्या हातात दिला आणि तिला मागं बसायला लावलं. मग आमच्याकडं वळला. "मी घरी चाललो जेवायला. ज्याला यायचंय त्यानं या."

धुरळा उडवत गाडी आत गेली. उरलेले दोघं माझ्या तोंडाकडं बघत होते, कारण वाट मी ठरवतो. मी म्हणालो, थांबू इथंच, येईल तो.

आम्ही दीड तास थांबलो. वायरमननं एकदा काहीतरी चेष्टा केली, कुणी हसलं नाही. त्याच गावचा एक मेंढरंवाला कळप घेऊन चालला होता, त्यानं मला ओळखलं. डॉक्टर, हितं कावून थांबलाव, घरी चला की, म्हणाला. मी त्याला सांगितलं, वाट बघतोय कुणाची तरी. मेंढरांचे पाय बरे आहेत का, तेही विचारलं.

मास्तर आला तो गाडी बंद न करताच बोलला. आक्कानं चार ताटं वाढली होती. आमच्या तीन ताटांवर शेजारचे तिघं बसवले.

"एक जन म्हनला, ते आले न्हाईत तेच बरं झालं. दुसऱ्यानं त्याला ताटावरून उठवलं. म्हनला, आक्काच्या घरी बसून असं बोलायचं न्हाई. हे तुमी आपल्या डोळ्यानं बघायला पायजे होतं."

परतीच्या वाटेवर तो मागं राहिला आणि मांजरसुंब्याच्या अलीकडं कधी दिसेनासा झाला, ते आम्हाला कळलंही नाही.

यंदाची संक्रांत होऊन गेली. वाट ठरवायला मी कुणालाच फोन केला नाही. करायचा तर पहिला त्याला करावा लागेल आणि खरं काय ते सांगावं लागेल. रस्ता उकरल्याचं खोटं मी आक्काला त्रास नको म्हणून सांगितलं नव्हतं. गावात कुणी काही बोलेल आणि तेव्हा मास्तर कुणाच्या बाजूनं उभा राहील, याची मला खात्री वाटत नव्हती. त्या घरात एक परका माणूस आमच्यासाठी बोलला, आणि मी माझ्या मित्रावर तेवढाही भरवसा ठेवला नव्हता.