आटपाडीचा तिसरा कौल

लढाईच्या दिवसांत सातारा रोड स्टेशनला गाडी धरून मी मिरजेला निघालो. धाकट्या भावाची, सखारामची, तार आली होती. तो आमच्या मूळ गावी, आटपाडीला, शेती करतो. बाभळीचा काटा मोडून त्याचा पाय चिघळला होता. कराडनंतर दोन्ही बाजूंना उसाचे हिरवेगार मळे लागले. मी ते मजेने बघत बसलो, याची आज लाज वाटते.

मिरजेच्या दवाखान्यात त्याच्या पायाची दोन बोटे काळी पडलेली दिसली. डॉक्टर म्हणाले, “उद्यापर्यंत बोटं काढली तर पाऊल वाचेल. पुढचं सांगता येत नाही.”

“दादा, तू म्हणशील तसं,” सखाराम म्हणाला.

मी शाळामास्तर, पोरांना रोज ‘विचार करून उत्तर द्या’ म्हणून बजावणारा. ‘हो’ म्हणायला माझी जीभ वळेना. म्हणालो, “उद्या गावच्या देवाचा कौल घेऊन येतो.”

लढाईमुळे पेट्रोल मिळत नसे, म्हणून सकाळची सर्व्हिस मोटार कोळशाच्या गॅसवर चालणारी. चढ आला की उतारूंनी उतरून ढकलायची. ऊस मागे पडला, पुढे नुसता माळ आणि मेंढरे. आटपाडीला गुरवाने आधी वाटीभर माडगे (हुलग्याच्या पिठाची पेज) पाजले, मग देवाच्या अंगाला दोन ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली, तर बोटे काढायला होकार.

उजवी पडली.

“दिला की देवानं. जावा आता, परतीची मोटार उभी हाय, आज दुसरी न्हाई.”

“पुन्हा एकदा लाव.”

पुन्हा उजवीच.

“अजून एकदा.”

“आवं मास्तर, देवाला इचारताय का त्येचा पेपर तपासताय?”

तिसऱ्या खेपेला बऱ्याच वेळाने डावी पडली. मला हायसे वाटले. तेवढ्यात बाहेर मोटार सुटल्याचा भोंगा वाजला.

“आता भावाला कुठला सांगणार?” गुरवाने विचारले.

दुसऱ्या दिवशी मिरजेला पोचलो, तर काळेपण पावलावर चढले होते.

“देवाने उजवा दिला,” मी म्हणालो.

“कवा?”

“काल दुपारी.”

सखाराम माझ्या तोंडाकडे बघत राहिला. “मग कालची मोटार?”

त्या संध्याकाळी पाय घोट्याच्या वरून काढला.

साताऱ्याला परतताना खिडकीबाहेर मी काही पाहिले नाही. निर्णय मला पहिल्या संध्याकाळीच कळला होता. माझ्या भीतीवर फक्त देवाची सही हवी होती.

सखाराम आता कुबडी घेऊन बांधावर जातो. मी गेलो की हवापाण्याचे बोलतो, भाकरी पुढे करतो. त्याच्या प्रश्नाचे उत्तर मी अजून दिलेले नाही. ते इथे लिहितो. मोटार उभी होती. देवळाच्या दारातून मला दिसत होती.