अर्धं उघडलेलं पान

माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्वदीर्घही चुकतं. चौथीनंतर शाळा सुटली. कुणी वाचलंच तर सांभाळून घ्यावं. मोजता मात्र येतं, म्हणून तर चाचांनी मला कामावर ठेवलं.

चाचा लिलीच्या पानाखाली दोन बोटं धरायचे, जणू नाडी बघताहेत. मग मान तिरकी करून म्हणायचे, "फूलां कू कॅलेंडर पढना नई आता, बेटी. अपन कू पढना पडता."

त्यांचं हरितगृह शहराबाहेर होतं. मलकपेठच्या घरून दोन बस बदलून मी जायची. बाहेर उन्हाने डांबर मऊ झालेलं असायचं. आत पाणी झिरपणारी भिंत, समोर मोठे पंखे, कुंड्यांच्या हिरव्या रांगा. दार लोटलं की झोपेत चालल्यासारखं वाटायचं.

चर्चला ईस्टरसाठी पांढऱ्या लिली लागतात. ईस्टर दर वर्षी वेगळ्या तारखेला, आणि सण गेला की त्या कुंडीला कुणी विचारत नाही.

रोपं वीतभर झाली की चाचा त्यातलं एक कापायचे. सुईने शेंडा सोलून भिंगाखाली आतली पानं मोजायचे. अजून जगात न आलेली पानं! मी श्वास रोखून बघायची. तेवढी पानं उरलेल्या दिवसांत बाहेर यायला हवीत. मागे पडली तर पंखे कमी करून ऊब द्यायची, पुढे गेली तर गारवा वाढवायचा. दर सोमवारी खुणेच्या दहा रोपांवरची नवी पानं मोजणं माझं काम. पान खोडापासून नीट लवलं तरच उघडलं म्हणायचं. अर्धं उभं असेल ते धरायचं नाही.

आकडा कमी आला की चाचांचा चेहरा उतरायचा. म्हणून एका वर्षी मी अर्धी उभी पानंही धरायला लागले, दर सोमवारी आधीपेक्षा थोडी जास्त. वाटायचं, उद्या उघडतीलच की.

"हौ, आगे हैं फूलां," चाचा खूश. "पंखे तेज करो."

सणाच्या तीन दिवस आधी चर्चचे फादर कुंड्या न्यायला आले. कळ्या हिरव्याच. तीनशे कुंड्यांचे पैसे त्यांनी आधीच दिले होते, त्यातूनच परदेशातून कंद आले होते. मी रांगेआड उभी.

"अंदाज मेरा गलत हुआ, फादर," चाचा म्हणाले. "पैसा लौटा दूंगा. थोडा थोडा."

मी रांगेआडच खाली बसले.

सण झाल्यावर सगळ्या एकदम उमलल्या. त्या गार घरात पांढरंच पांढरं, आणि वास असा की पाय जमिनीला लागत नव्हते. चाचा कुंडीकुंडीपाशी वाकून प्रत्येक फुलातले पिवळे पराग चिमटीने काढत होते, पाकळीवर डाग पडू नये म्हणून.

"चाचा, अब कायकू? कौन लेता?"

"दाग कायकू पडने देना? फूलां का क्या कसूर?"

तेव्हा मी बोलले, "मैं आधे पत्ते भी गिनी, चाचा."

ते वाकलेलेच राहिले. "मालूम था. मेरेकू भी वोइच गिनती सुनना था."

संध्याकाळी त्यांनी कुंड्या रस्त्यावरच्या लोकांना वाटून टाकल्या. माझ्या बसमध्ये सात लिली होत्या. कंडक्टर म्हणाला, "इनका टिकट कौन देता जी?" सगळी बस हसली. मी एकटी रडत होते.

पुढे दर ईस्टरला फादर बिलातून थोडे पैसे कापून घेत. चाचांनी मोजणी माझ्याकडून काढली नाही. फक्त एखादं पान दाखवून विचारायचे, "ये खुला क्या?"

"नई, चाचा."

"शाब्बास."

गेल्या पावसाळ्यात चाचा गेले. यंदा कंद चाचींनी मागवले, पानं मी मोजली. कमी होती तेव्हा कमीच सांगितली, आणि चाचींनी पंखे बंद केले. कळ्या वेळेवर फुगल्या. चाचांचं भिंग त्याच्या जागेवर तसंच ठेवलं आहे.

बिलातून कापूनही थोडे पैसे द्यायचे राहिले होते. तेवढे मी पगारातून साठवले होते. कुंड्या उतरवल्यावर फादरच्या हातात दिले आणि म्हटलं, "उस साल गिनती मेरी थी." इतक्या मोठ्याने मी आजवर कुणाशी बोलले नव्हते.

 त्यांनी नोटा मोजल्या, हिशेबाच्या वहीतलं चाचांचं पान काढून त्यावर काहीतरी इंग्रजीत लिहिलं आणि मला वाचता येणार नाही म्हणून स्वतःच सांगितलं, "पूरे मिल गए."