बिरप्पाचे कान

सांगोल्याकडचा बिरप्पा मेंढरं सोडून सोलापूरला यंत्रमागावर कामाला आला, तेव्हा त्याच्या कानांची गावात ख्याती होती. पाठ फिरवून बसला तरी कुठली मेंढी खोकली, कुठलं कोकरू मागं राहिलं, हे तो बिनचूक सांगायचा. ओळीनं दुष्काळ पडले, कळप निम्मा झाला, तेव्हा उरलेली मेंढरं बायकोच्या, बनाबाईच्या हवाली करून तो शहरात टॉवेल विणायला लागला. दोन-चार पावसाळे काढू आणि परत जाऊ, असं म्हणून आला होता. डोकं पांढरं झालं तरी तेच म्हणत होता.

कारखाना कसला, पत्र्याची शेड. मालक ऑर्डरी मोबाइलवर घ्यायचा, पण माग त्याच्या आजोबांच्या काळातले. खडखडाट असा, की शेजारच्याचा शब्द ऐकू येत नसे. तिथं सगळे हातवाऱ्यांनी आणि ओठांनी बोलायचे. धागा तुटला, चहा आला, सगळ्याला खूण. बिरप्पा त्यात इतका मुरला की आपले कान कधी गेले, हे त्याला कळलंच नाही. बनाबाईचा फोन आला की आपलंच सांगून ठेवून द्यायचा आणि गावच्या टॉवरला शिव्या घालायचा. सुताच्या धंद्यात जन्म गेलेल्या मालकानं कामगारांच्या कानात घालायला कापसाचा बोळासुद्धा कधी दिला नाही!

यंदा मालकानं जुने माग विकले आणि माणसं काढली. बिरप्पा आनंदानंच गावी गेला. कळप होता ना!

पहिल्याच दुपारी तो बांधावर लोकर कातत बसलेला असताना लांडग्यानं त्याच्या पाठीमागून कोकरू उचललं. मेंढरं ओरडली, कुत्रं भुंकलं. बनाबाई माळावरून हाका मारत धावत आली आणि तिनं त्याला गदागदा हलवलं.

“आवं, एवढा गलका झाला की! तुमाला ऐकू आला न्हाय व्हय?”

“कसला गलका?” बिरप्पा म्हणाला.

बनाबाई तिथंच रडू लागली. दुसऱ्या दिवशी ती एकटीच काठी घेऊन कळपामागं गेली. घरात बसून बिरप्पाला अन्न गोड लागेना.

महिनाभरानं तो सोलापूरला परतला. तेच जुने माग दुसऱ्या एकानं घेऊन पलीकडच्या गल्लीत लावले होते. तिथल्या मुकादमानं, जुन्या ओळखीच्या प्रभूनं, बिरप्पाच्या तोंडावरच नव्या मालकाला सांगितलं, “ह्याला घ्या, मालक. नवी पोरं आवाजाला भिऊन पळत्यात. ह्याचं आता काय बिघडायचं राह्यलंय?”

प्रभूच्या ओठांवरून बिरप्पाला शब्दन् शब्द कळला. त्यानं मान डोलावली आणि मागाशी जाऊन उभा राहिला.