बिफोरमधली मुलगी

"अभी-अभी मरे हैं क्या? बॉडी घर पे है?"

सरांनी असं विचारलं आणि अख्खा वर्ग हसला. काय करावं ते न सुचून मीही हसले. त्या हसण्याची मला अजून चीड येते.

जबलपुरात मदन महलला एका जिमच्या वर हा इंग्लिश स्पीकिंगचा क्लास. माझा पहिला दिवस. समोर स्टँडवर मोबाइल लावलेला. एकेकाने उभं राहायचं आणि स्वतःबद्दल इंग्रजीत बोलायचं. रेकॉर्डिंग फक्त तुमच्यासाठी, पुढे तुमची प्रगती तुम्हालाच दिसावी म्हणून, असं सर म्हणाले होते. माझी पाळी आली. नाव सांगितलं. बडा फुहाऱ्याला कपड्याच्या दुकानात काम करते, ते सांगितलं. मग वडिलांबद्दल म्हणाले, "माय फादर हॅज डाइड टू इयर्स अगो."

सरकारी शाळेत आम्हाला प्रेझेंट परफेक्ट असाच शिकवला होता. हिंदी वाक्याच्या शेवटी 'चुका है, चुके हैं' आलं की हॅज नाहीतर हॅव लावा, संपलं. मर चुके हैं. हॅज डाइड. पाठ होतं ते बोलले. बाबा कारखान्यात ठेकेदाराच्या माणसांत होते. छातीत दुखतं, दुखतं म्हणत कामावर जात राहिले आणि एक दिवस गेले. परक्या लोकांसमोर मी त्यांच्याबद्दल पहिल्यांदाच बोलत होते.

सर मराठी. जबलपुरातलं जुनं घराणं, वडील मोठे अधिकारी. मी नाव नोंदवायला गेले तेव्हा माझी मराठी ऐकून सर खूश झाले होते. "अरे वा, आपल्यातलीच! आडनाव काय?" मी आडनाव सांगितलं. "अच्छा," म्हणाले. "चलो, सोमवार से आ जाना." त्या मिनिटापासून माझ्याशी हिंदी. पुढच्या बाकावर त्यांच्या ओळखीतली एक मुलगी बसायची. कॉन्व्हेंटची, मुलाखतीच्या तयारीसाठी आलेली. तिच्याशी मात्र "अगं", "काय गं". एकदा मी चुकून घरच्या बोलीत "काहून सर?" असं विचारलं, तर तिच्याकडे बघून हसले. आडनावावरून त्यांना माझी जात कळली होती, बाकी काही झालं नव्हतं.

महिनाभराने दुकानात शेजारच्या काउंटरवरच्या मुलीने मोबाइल पुढे केला. "दीदी, ये आप हो ना?"

मीच होते, क्लासच्या जाहिरातीत. वर लाल अक्षरांत 'बिफोर'. माझं वाक्य, सरांचा प्रश्न, वर्गाचं हसणं. मग हिरव्या अक्षरांत 'आफ्टर', आणि पुढच्या बाकावरची ती मुलगी फाडफाड इंग्रजी बोलतेय. ती क्लासला आली तेव्हाही तशीच बोलायची! बिघडलेली मी आणि सुधारलेली ती. खाली लोकांनी हसणारे चेहरे टाकलेले, शेकड्याने.

घरी मायने तो व्हिडिओ पाहिला. तिला इंग्रजी येत नाही. फादर एवढा शब्द कळतो.

"तुझ्या बाबाचं सांगून राहिली ना तू? मग हे लोक काहून हसून राहिले?"

मी तिच्या हातून मोबाइल हिसकावला आणि तिच्यावरच ओरडले. दुसरं काय करणार होते?

सरांना म्हटलं, व्हिडिओ काढून टाका. "निकाल देंगे, निकाल देंगे." पुन्हा म्हटलं. "अरे, मार्केटिंग है, दिल पे मत लो." तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा त्यांनी वरही पाहिलं नाही. डोकं नुसतं तापायचं. तरी क्लास सोडला नाही. इंग्रजी मला हवी होती. ती काय सरांच्या बापाची होती?

प्रेझेंट परफेक्ट मात्र डोक्यात शिरेना. "काम हो गया, असर बाकी है," असं एकदा सांगून सर पुढे सरकले होते. पुढचे बाक माना डोलवत होते. मला तो कळला घरी, संध्याकाळी. माय म्हणाली, "चहा केला आहे, घे." केला आहे. म्हणजे करून झालाय आणि आत्ता समोर आहे. कालचा असता तर ती नुसतं 'काल केला' म्हणाली असती. काल म्हटलं, दोन वर्षांपूर्वी म्हटलं, की हॅज उडालं. एवढंच होतं! माझ्या घरच्या बोलण्यात होतं आणि सरांच्याही घरच्या बोलण्यात होतं. त्यांनी माझ्याशी मराठीत दोन वाक्यं बोलायची होती फक्त. तेवढीही ते बोलले नाहीत. चहा समोर ठेवून मी रागाने रडले.

मग मी शिकले. गिऱ्हाइकांशी बोलून, अडखळून, पुन्हा बोलून. ते सरांच्या लक्षात आलं. एका सोमवारी नव्या बॅचचा पहिला दिवस होता, मोबाइल स्टँडवर चढला होता. सर माझ्याजवळ आले.

"अगं, किती छान बोलायला लागलीस! तू तर आपलीच. ये, तुझा आफ्टर करून टाकू."

मराठीत! क्षणभर मला बरं वाटलं. आणि बरं वाटलं म्हणून स्वतःचाच संताप आला. काय बोलायचं तेही त्यांनी सांगितलं. आय वॉज नथिंग. सर हॅज मेड मी समबडी. "एवढं बोल, की जुना काढून टाकतो."

नवे लोक रांगेत उभे होते. पुढे एक बाई, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत, ओठांतल्या ओठांत वाक्यं घोकत. ही पुढची बिफोर.

"नाही बोलत," मी म्हटलं. "काहून बोलू? माझा बाप मेला, ते तुम्ही लोकांना दाखवून राहिले. आधी तो व्हिडिओ काढून टाका."

सर लगेच हिंदीत परतले. "तमीज़ से बात करो."

मी रांगेकडे वळले. "ये वीडियो सबको दिखाते हैं. मेरा दिखाया है. मत बनवाइए."

मग त्या बाईने हळूच विचारलं, "सर, ये किसको दिखाएँगे?" सरांनी मला दार दाखवलं.

व्हिडिओ अजून आहे. मी तक्रारी केल्या, उपयोग झाला नाही. कोणी काही करेल याची वाट पाहणं मी सोडलंय. नवी बॅच सुरू होते त्या दिवशी दुकान उघडायच्या आधी मी जिमच्या जिन्यापाशी उभी राहते. वर जाणाऱ्या प्रत्येकाला सांगते, शिका, कसून शिका, हव्या तेवढ्या चुका करा, पण चेहरा देऊ नका आणि घरच्यांचं नाव काढू नका. काही ऐकतात. काही मला वेडी समजून वर जातात. जिमचा गार्ड हटकतो, सर वरून शिव्या घालतात.

घालू देत. तो व्हिडिओ उद्या काढून टाकला तरी मी इथे यायची थांबणार नाही.