साकवाच्या अलीकडे

सकाळी माझ्या जुन्या विद्यार्थिनीचा, ऋतुजाचा फोन आला. "सर, मिलिंद सर गेले. झोपेतच." माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो "किती वाजता?" ती म्हणाली, "वेळ कशाला हवी तुम्हाला, सर?" मुख्याध्यापकी सुटून वर्षं झाली, पण घड्याळ काही माझ्या डोक्यातून उतरलेलं नाही. मी तेव्हा मुलीकडे नाशिकला होतो. अंत्ययात्रा गाठता आली नाही. तिथल्या गॅलरीत बसून राहिलो आणि मिलिंदचं घर डोळ्यांसमोर आणू लागलो, तर ते येईना. येणार कुठून? मी ते कधी पाहिलंच नव्हतं...

मिलिंद आमच्या शाळेत चित्रकला शिकवायचा. कामशेतहून धरणाच्या अंगाला गेलं की आमचं गाव. तोही गावातलाच, ओढ्यावरच्या साकवापलीकडे बुद्धविहार आहे, त्या वस्तीतला. चित्रकलेचा मास्तर म्हणजे शाळेचा फुकटचा पेंटर, अशी आपल्याकडे समजूत. फळ्यावरचे सुविचार, स्नेहसंमेलनाचे पडदे, सगळं त्याच्या गळ्यात. तो कुरकुरायचा नाही, चिमटे मात्र काढायचा. "सर, तुमच्या राज्यात सूर्यसुद्धा घंटा झाल्यावर उगवतो," म्हणायचा. दिवाळीला न चुकता माझ्या घरी फराळाला यायचा, माझ्या बायकोची चकली जरा नरम पडली तर तेही तोंडावर सांगायचा. "आता तुमी या एकदा आमच्याकडं," असं जाताना म्हणायचा. मी म्हणायचो, "येऊ की." हे 'येऊ की' किती वर्षं चाललं, ते मला आज सांगवत नाही.

पुण्यातल्या एका संस्थेने शाळकरी मुलांना चित्रप्रदर्शनासाठी अनुदान द्यायचं ठरवलं, ते मिलिंदने शोधून काढलं. अटी दोनच होत्या: प्रदर्शन सर्वांसाठी खुलं हवं आणि सगळं मुलांनीच ठरवायचं. मला हसू आलं. नववीची पोरं काय ठरवणार! पण ऋतुजा तेव्हा नववीत, देवळाशेजारच्या शेतकऱ्याची पोर, जिभेला धार. तिने अर्ज लिहिला आणि अनुदान मिळालंसुद्धा. मुलांची कल्पना अशी, की प्रत्येक मुलाने एका घरातलं माणूस काम करताना काढायचं आणि चित्र त्याच घराच्या बाहेरच्या भिंतीवर लावायचं. लोकांनी गावभर चालत प्रदर्शन बघायचं. सुरुवात देवळापासून, शेवट वस्तीत. हा क्रम कुणी ठरवला, असं कुणी विचारलं नाही. आमच्याकडे काही गोष्टी ठरवाव्या लागत नाहीत, त्या ठरलेल्याच असतात.

रंग, पुठ्ठे, लाकडी चौकटी अनुदानातून आल्या. मंडप आणि शाली अनुदानात बसत नव्हत्या, तर त्यासाठी गावाने वर्गणी काढली. चित्रांना कुणी छदाम दिला नसता, सत्काराला मात्र हात सैल सुटले. प्रदर्शनाच्या दिवशी देवळापुढे सत्कार सुरू झाले ते संपेनात. सरपंच, माजी सरपंच, सोसायटीचे चेअरमन, मग कुणाचं तरी नाव राहिलं म्हणून ते रुसले, त्यांच्यासाठी दुसरी शाल शोधा... संस्थेच्या बाई खुर्चीत चुळबुळत होत्या. त्यांना लोणावळ्याला दुसऱ्या शाळेत जायचं होतं. अखेर आम्ही निघालो. भात झोडणारे आजोबा, भाकरी थापणारी काकू, म्हशीला पाणी दाखवणारा पोरगा, दारोदारी चित्रं आणि चित्रातली माणसं शेजारीच लाजत उभी. बाई खूश झाल्या. साकवाशी आलो तेव्हा मी घड्याळ बघितलं आणि म्हणालो, "बस, इथून पुढं विशेष काही नाही. मॅडमना उशीर होतोय."

ऋतुजा धावत पुढे आली. "सर, अजून वस्तीतली चित्रं राहिलीत!" मी मिलिंदकडे पाहिलं. त्याने क्षणभर साकवापलीकडे नजर टाकली आणि तिला म्हणाला, "राहू दे, ऋतुजा. ऊन झालंय." मला हायसं वाटलं. समजूतदार माणूस, असं मनात म्हणालोही. शाली कमी करता आल्या असत्या, भाषणं आवरता आली असती. मी चित्रं कापली, आणि तीही नेमकी तिकडची. हे त्या दिवशी माझ्या मनाला शिवलं नाही. शिवलं नाही याचीच आज सर्वांत जास्त लाज वाटते.

संस्थेला अहवाल मी लिहिला: 'संपूर्ण गाव प्रदर्शनात सहभागी झाले.' मिलिंदने वाचला. "सर, 'संपूर्ण' काढू या का?" मी म्हणालो, "अहो, अहवालाची भाषा अशीच असते." त्याने सही केली. पुढेही दर दिवाळीला फराळाला येत राहिला. फक्त जाताना 'तुमी या' म्हणायचं त्याने सोडलं, आणि माझ्या ते लक्षातसुद्धा आलं नाही.

नाशिकहून परतल्यावर मी साकव ओलांडला. ऋतुजा सोबत होती. आता ती पुण्याला चित्रकलेच्या कॉलेजात शिकते. मिलिंदच्या घरात भिंतीवर बाबासाहेब, तथागत, आणि त्यांच्या खाली मिलिंदचा नवा फोटो. सगळे खाली चटईवर बसले होते. मीही टेकणार, तोच त्याची आई लगबगीने उठली. "खाली नगा बसू, सर. बाळा, शेजारनं खुर्ची आन." मी म्हणालो, "कशाला मावशी, बसतो की खाली."

"नगं नगं. पाय दुखल तुमचा." त्या माझ्या पायाकडे बघत होत्या. "त्या चित्राच्या दिशी मी भिंत पोतारली व्हती, चहाला दूद आणलं व्हतं. लय वाट बघितली. मग मिलिंद आला, म्हनला, आये, सरांचा पाय मुरगाळला, न्हाईतर आलंच असतं. मी दर दिवाळीला त्याला इचारायची, बरा झाला का रं सरांचा पाय? त्यो म्हनायचा, न्हाई अजून."

खुर्ची आली. ऋतुजा माझ्याकडे बघत होती.

"आता बरा हाय का, सर?" मावशींनी विचारलं.

मला खरं बोलायचं होतं. पण खरं बोललो असतो, तर त्यांचा मिलिंद खोटा पडला असता... "हो मावशी," मी म्हणालो, "आता चालता येतं." आणि चटईवर बसलेल्या त्या सगळ्या माणसांत मी एकटा खुर्चीवर बसलो.