मॅडम जेवायला गेल्यात

मी सर्वांत जास्त ऋणी आहे ती महाडच्या चाचींची. त्या आमच्या नात्यातल्या नाहीत. माझे वडील पोलादपूरच्या वर एका वाडीत नाचणी-वरी करतात आणि चाचींच्या यजमानांचे ट्रक कशेडी घाटातून जायचे. एकदा घाटात बंद पडलेल्या ट्रकच्या ड्रायव्हरला बाबांनी भाकरी नेऊन दिली, एवढीच ओळख. तेवढ्यावर चाचींनी मला बी.फार्म. होईपर्यंत मागच्या खोलीत ठेवून घेतलं. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. चाची पाहुण्यांना सांगायच्या, "ही आमची डाक्टरीन."

"डॉक्टर नाही चाची, औषधवाली."

"तेच ते गो."

आता चाची आपल्या मुलाकडे कुवेतला असतात.

लग्न होऊन मी महाडातच राहिले आणि पोलादपूरच्या एका मेडिकल स्टोअरमध्ये नोकरीला लागले. मुलगी झाली तेव्हा नोकरी सोडली. औषधाचं दुकान फार्मासिस्टच्या नावाशिवाय चालत नाही, म्हणून माझं सर्टिफिकेट तिथं भिंतीवर लावलेलं होतं. ते घेऊन जाते म्हटलं, तर शेठ म्हणाले, "राहू दे ना. परत येणारच आहेस. जागा तुझीच." मला ते फार भले वाटले.

मुलगी बालवाडीत जाऊ लागल्यावर मी शेठना फोन केला.

"कशाला धावपळ करतेस?" ते म्हणाले. "आताच कुठे पोरीचा खोकला थांबलाय. घरीच बस. पगार घरपोच येईल. तपासणीला साहेब यायचे असले की फोन करतो, तेवढं येऊन बस."

मुलीच्या खोकल्याचं शेठना कुणी सांगितलं? मी तर नाही. नवरा शर्टाची बटणं लावत होता.

"तुम्ही बोललात शेठशी?"

"नाक्यावर भेटला. सहज. सहजच बोललो."

सासूबाई तर खूश झाल्या. "घरबसल्या पगार! लोकांच्या सुना वडापच्या जीपला लोंबकळत जातात. पोरीला मी बघीन गो, पण तू घरात असलीस तर वाईट हाय काय?" त्या दिवशी माशाचा मधला तुकडा माझ्या ताटात पडला. तो नेहमी त्यांच्या मुलाच्या ताटात पडतो. मी तो संशयानंच खाल्ला.

आणि तरीही सोमवारी कामाला गेले. माझ्या खुर्चीच्या जागी कोल्ड्रिंकचा फ्रिज आला होता. शेठनी चहा मागवला, मुलीसाठी बिस्किटाचा पुडा दिला आणि म्हणाले, "आत बस, पंखा आहे." गिऱ्हाईक आलं की मी उठायच्या आत तेच उठायचे. मी काउंटरवर आले की त्यांना मागच्या कपाटातलं काहीतरी मोजून हवं असायचं. इतकी काळजी माझी कुणी कधी घेतली नव्हती. त्यामुळेच मला ती खरी वाटेना.

एका दुपारी शेठ घरी जेवायला गेले असताना कशेडीखालच्या एका गावची म्हातारी दुकानात आली.

"मॅडम नायत?"

"मीच मॅडम."

तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तू? मी येते तवा मॅडम जेवायला गेलेल्या असतात. परवा शेठला इचारलं पन, काय रे, किती जेवते तुझी मॅडम?"

मला हसू आलं, पण तेवढ्यात तिनं पदराची गाठ सोडून गोळ्यांचं रिकामं पाकीट काढलं. "ह्या दे. गुडघ्याच्या. मॅडमनीच ठरवून दिल्यात ना?"

"कुणी सांगितलं?"

"शेठनी. लागू पडल्यात पन. बघ कशी भरली मी. सून म्हनते, म्हातारे, तू बाळसं धरलंस."

चेहरा खरंच गोल, तकतकीत झाला होता. हात मात्र काटकुळे, आणि मनगटापासून कोपरापर्यंत काळेनिळे डाग. पाकिटावरचं नाव वाचलं. त्या स्टिरॉइडच्या गोळ्या होत्या; ते बाळसं म्हणजे त्यांचीच सूज. कधीपासून घेते विचारलं तर म्हणाली, "गेल्या गणपतीच्या आधीपासनं." डॉक्टरची चिठ्ठी मागितली.

"कसली चिठ्ठी? मॅडम हायत ना!"

मी तिला सांगितलं, या गोळ्या डॉक्टरला न विचारता घ्यायच्या नाहीत आणि न विचारता एकदम बंदही करायच्या नाहीत, त्यातही धोका आहे. आजच्या आज सरकारी दवाखान्यात चला.

"वाईट हायत? मग तू दिल्यास कशाला?"

मी शटर ओढलं आणि तिला दवाखान्यात घेऊन गेले. वाटेत ती सारखी माझ्याकडे बघत होती. माझ्यावर तिचा विश्वास नव्हता, आणि तो नसावा हेच बरोबर होतं.

परत आले तेव्हा शेठ शटरपाशी उभे होते.

"दुकान बंद करून गेलीस?"

"त्या गोळ्या मी दिल्या असं तुम्ही सांगितलंत?"

ते हसले. "अगं, लोकांचा तुझ्या नावावर विश्वास आहे. तुझा मानच झाला की! सगळीकडे असंच चालतं. घरी जा, शांत डोक्यानं मिस्टरांना विचार."

मिस्टरांना विचार. हे ते इतक्या खात्रीनं म्हणाले की मला पुढचं काही विचारावंसं वाटलं नाही. मी फ्रिजशेजारच्या स्टुलावर चढले आणि सर्टिफिकेट भिंतीवरून काढलं.

संध्याकाळी चाचींचा फोन आला. "जातीस काय गो कामाला?" नवरा शेजारीच बसला होता. मी "जाते" एवढंच म्हणाले. दोन दिवसांनी चाचींचा पुतण्या सुट्टी संपवून कुवेतला परत निघाला, त्याच्या हाती ही चिठ्ठी दिली:

"चाची, सलाम.

फोनवर खोटं बोलले. कामावर जात नाही. दुकानात माझ्या नावानं एका म्हातारीला स्टिरॉइड देत होते. मी सर्टिफिकेट काढून आणलं आणि त्या दुकानाशी माझा संबंध नाही असं औषध प्रशासनाला लेखी कळवलं. म्हातारीच्या गोळ्या डॉक्टर हळूहळू कमी करताहेत.

शेठनी हे घरी कळवलं. सासूबाई म्हणतात, घरात येणारी लक्ष्मी हाकलली. यांचं शेठशी नक्की काय ठरलं होतं ते मला अजून कळलेलं नाही, आणि विचारलं तर खरं सांगतील असं वाटत नाही.

महाडात एका दुकानात विचारून आले. त्यांचा पहिला प्रश्न, 'बसणार की नुसतं सर्टिफिकेट लावणार?' बसणार म्हटल्यावर म्हणाले, कळवतो. कळवतील असं वाटत नाही, पण उद्या पुढच्या दुकानात जाणार आहे. मला काउंटरवर बसायचंय, चाची. तुम्ही मला त्यासाठीच शिकू दिलंत.

उत्तर फोनवर देऊ नका. फोन सगळ्यांसमोर वाजतो. कुणी इकडे येणारं असेल तर चिठ्ठी त्याच्या हाती द्या, आणि ती मलाच द्यायला सांगा."